जिनिंगच्या आडून आलेला बाबांचा निरोप

माझा भाऊ गेला. आज पहाटे.
बरेच दिवस थकलेलाच होता.

विनायकदादा. आदिलाबादजवळच्या इचोड्याचा. तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत नसेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हैदराबादची नोकरी सोडून तो घरी आला. फिरत्या कॉम्प्युटरांसाठी त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. दोन मशीनमधला सिग्नल तुटला, की निरोप तिसऱ्या मशीनमधून वळवायचा, तोही आपोआप.

कंपनी म्हणाली, कोड बाहेर द्यायचा नाही.
दादाला तो सगळ्यांसाठी खुला ठेवायचा होता.

बाबा तहसीलमधून रिटायर झालेले. "लागलेली नोकरी काऊन सोडली?" एवढंच विचारलं, मग बोलणंच बंद.

दादाने त्याच्या जुन्या सरांकडून तीन लॅपटॉप मागून आणले. एक घरी माझ्यापाशी. एक घेऊन तो ढाब्यावरच्या खाटेवर. तिसरा शेजाऱ्यांच्या जीपमध्ये. जीप कापसाच्या जिनिंग मिलच्या आड वळली की माझा सिग्नल तुटायचा, आणि निरोप ढाब्यावरून जायला हवा होता.

जायचा नाही. रोज दुपारी उन्हात तेच. दादा घरी यायचा, कोड बदलायचा, परत जायचा.

एक दिवस जीपमध्ये लॅपटॉप घेऊन बसायला कुणीच नव्हतं.
बाबा चपला घालून बाहेर आले. "मी बसतो. काय दाबाचं ते सांग."

जीप आड गेली. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, "बाबा, भूक लागली का?"

स्क्रीन थांबली. मला वाटलं, आजही नाही.
मग एक शब्द आला. "लागली."

त्या दिवशी जेवताना बाबा दादाशी बोलले.
"हे आता कोनी पन वापरू शकते?"
"कोनी पन."
"अन् तुले काय भेटन?"
दादा म्हणाला, "चालून राह्यलं ना बाबा. बस."

बाबांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दादाने कोड इंटरनेटवर टाकला. पुढे आदिलाबादला कॉलेजात शिकवायला लागला. कोड वापरणाऱ्यांचे मेल देशोदेशीहून यायचे. हे चालत नाही, ते दुरुस्त करा, कधी करणार? कॉलेजातून आला की तो ते करत बसायचा. वर्षानुवर्षं. थँक्यू क्वचितच.

"सोडून दे ना," मी म्हणायचे.
"लोकं अडकून राह्यले व ताई," म्हणायचा. मी धाकटी, तरी ताईच म्हणायचा.

किडन्या गेल्यावर त्याने काम दोन अनोळखी पोरांकडे सोपवलं. त्यांना तो कधी भेटला नाही.

दुपारी स्मशानातून आल्यावर कोड वापरणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर मी दादा गेल्याच्या चार ओळी टाकल्या. मोडक्या इंग्रजीत.

उत्तरं येत आहेत. ब्राझीलमधून, केनियातून, कुठून कुठून. नुसती नावं आणि दोन शब्द.
पहिल्यांदाच कुणी काही दुरुस्त करून मागितलेलं नाही.

आराम कर, दादा. तुझ्या ताईचा नमस्कार.