काळ्या गाडीवरचा गेरू

...तर काल आपण थांबलो होतो ते नवलनं दातांच्या डॉक्टरच्या हातातला पंचा हिसकावला तिथे. डॉक्टर बिचारा स्वतःच्याच गाडीचं बॉनेट पुसत होता. नवलनं तो पंचा उन्हात धरून झटकला, उडालेली धूळ दाखवली आणि विचारलं, की डॉक्टरसाहेब, पेशंटचे दात तुम्ही वाळूनं घासता का? डॉक्टर हसला. नवल हसला नाही. कोरडा फडका आणि गाडी एका जागी दिसली की त्याची कानशिलं तापतात, मग समोर डॉक्टर असो की फौजदार.

माणूस मूळचा सोनगीरचा. मिसरूड फुटायच्या आत धुळ्यात, हायवेवरच्या एका गॅरेजात ट्रकच्या पाट्या रंगवायला लागला. मोर काढले, कमळं काढली, कुणाकुणाच्या पोरांची नावं काढली. पुढे त्याच्या ध्यानात आलं की नवा रंग मारणारे गल्लोगल्ली आहेत, आहे तो रंग वाचवणारा कुणी नाही. नाशिकला जाऊन ते काम शिकला आणि जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे दोन गाळे घेतले. पाटीवर ‘कार डिटेलिंग’ लिहिलंय. लोक विचारतात, गाडी धुऊन मिळेल का? मग नवल त्यांना जे सांगतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याची बायको सुलक्षणा म्हणते, तुमच्या तोंडामुळे निम्मं गिऱ्हाईक रस्त्यावरूनच वळतं. ते खरंच आहे. उरलेलं निम्मं त्याच्या हातामुळे आत येतं.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यावलकडचा चंदन आला. केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, वय सव्वीस, आणि गाडी दोन दारांची, बुटकी, काळीभोर स्पोर्ट्स कार. त्या काळ्या रंगावर तांबड्या गेरूचे पंजे उमटलेले. बॉनेटवर दोन, डाव्या दारावर दोन. उजव्या दारावरचे मात्र फरफटलेले, आणि त्यांच्या खाली रेघाच रेघा, जशा कुणी तारेच्या घासणीनं काढाव्यात.

चंदन तणतणतच उतरला. आजोबांचा उद्योग म्हणाला. घरची शेवटची बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली, गोठा रिकामा, आणि म्हाताऱ्याला पोळा सुना घालवायचा नव्हता. म्हणून झिपरूआबांनी पहाटे गाडी गोठ्यासमोर घेतली, म्हणजे दोघातिघांना लावून ढकलत नेली, बैल धुतात तशी धुतली, गेरूचे पंजे उमटवले, आरती केली आणि पुरणपोळीचा नैवेद्य थेट चाकापुढे ठेवला. चंदन झोपेतून उठून बघतो तर हे. सगळ्या गल्लीसमोर तो आबांना काय काय बोलला ते त्यानंच नवलला मोठ्या अभिमानानं सांगितलं. अक्कल गहाण टाकली का, इथपर्यंत.

नवलला त्या घडीला चंदनचंच खरं वाटलं. काळा रंग, वर गेरू, आणि बैलासारखी धुतली म्हणजे दातेरी पत्र्याचा खरारा फिरवलेला असणारच! दार बघून त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं.

आणि नेमके दुपारी आबा स्वतःच येऊन ठाकले. यावलहून बसनं. धुवट धोतर, डोक्याला टोपी, पायातल्या वहाणा गाळ्याबाहेर काढून ठेवलेल्या. हळूच विचारलं, की गाडी होती तशी होईल का. कालपासून आपण केळीच्या बागेतल्या खोपीत निजतो आणि गाडी पहिल्यासारखी काळी झाल्याशिवाय घराची पायरी चढणार नाही, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. लागलं तर आपण इथं बसून हातानं पुसू, असंही म्हणाले.

पुसू हा शब्द ऐकला मात्र, नवल भडकला. “हाऊ रंग शे आबा, घोंगडं नही,” असा सुरू झाला तो थांबेचना. वरचा पारदर्शक थर केसापेक्षा पातळ असतो, तो तुम्ही खरवडलात. जनावर आणि गाडी यातला फरक या वयात कळू नये? आबांनी सगळं ऐकून घेतलं, वहाणा पायात घातल्या आणि गेले. नवलनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

उन्हं कलल्यावर त्यानं गाडी धुवायला घेतली. आधी नुसतं पाणी, मग फेस, हात न लावता. फेस खाली उतरला तसा डाव्या दारावरचा गेरू त्याच्याबरोबर ओघळून गेला. दोन्ही पंजे गेले. नवलनं दिवा लावून दाराजवळ धरला. एक रेघ नव्हती. बॉनेटवरचे पंजे धुतले, तिथेही नाही. तो गुडघ्यावर बसून इंच इंच बघत गेला. आबांनी भरपूर पाणी ओतून, नुसत्या तळव्यानं धुतली होती गाडी. खरारा लागलाच नव्हता.

रेघा फक्त उजव्या दारावर. आणि त्या वर-खाली, वर-खाली, रागारागानं ओढलेल्या, त्यांच्या तळाशी गेरूचे कण रुतलेले. गेरू म्हणजे मातीच की. वाळलेली ती माती कुणीतरी कोरड्या फडक्यानं रगडली होती. नवलनं तिथूनच चंदनला फोन लावला आणि एवढंच विचारलं, की उजवं दार कुणी पुसलं. मीच, चंदन म्हणाला, तो चिखल बघवेना, पण पुसता पुसता आबांनी पाडलेल्या रेघा दिसल्या तसा थांबलो.

नवलनं फोन ठेवला आणि बादलीला लाथ मारली. चंदनचा राग आलाच होता. पण त्याहून जास्त स्वतःचा आला. तीस वर्षं रंगात घालवून त्यानं दार न तपासता माणसाला दोषी धरलं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. सुलक्षणानं कारण विचारलं तर तिच्यावरही ओरडला.

दोन दिवस त्या एका दारावर घालवले. रबराच्या कडा टेपनं झाकल्या, रुतलेले कण चिकट वडीनं उचलले, मग मशीनवर मऊ पॅड लावून हाताएवढ्या तुकड्यात पॉलिश. दर फेरीनंतर थराची जाडी मोजायची, दिवा धरायचा, तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात समोरच्या लिंबाचं पान न् पान दिसायला लागलं.

चंदन आला, दारात तोंड बघितलं, खूश झाला. नवलनं त्याला दाराजवळ उभं करून सगळं सांगितलं, कामाच्या आधी काढलेले दोन्ही दारांचे फोटो समोर धरले. चंदनचा चेहरा उतरला. पण किल्ली बोटावर फिरवत तो म्हणाला, “जाऊ द्या ना नवलभाऊ. गाडी झाली ना काळी? आता आबा आपोआप येतील घरी. घरचं आम्ही घरात बघू. तुम्ही कशाला एवढे तापता?”

नवलनं हात धुतले, शर्ट बदलला, शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाला, “मी तापतो कारण तुझं ऐकून मीही त्या माणसाला नको ते बोललो, आणि तो उन्हात आला तसा उन्हात परत गेला. आपोआप काही येत नाहीत ते. चूक आपलीच, असं मनात धरून येतील आणि तसंच धरून मरतील. मी आत्ता यावलच्या बसनं निघालोय, त्यांच्या खोपीवर, माफी मागायला. उजवं दार कुणी खरवडलं ते मला विचारलं तर मी सांगणार, लपवणार नाही. तुझी गाडी बसपेक्षा पळते, चंदनशेठ. माझ्या आधी पोचलास, तर तूच सांग.”