नळावरचे जंतू

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला लागले आणि एका किराणा दुकानदाराच्या घरी खोली भाड्यानं घेतली. नळ अंगणात, सगळ्यांना मिळून एकच. घरमालकीणबाईंना मी काकू म्हणे. पहिला महिनाभर त्यांनी मला आग्रहानं चहा पाजला. मग मोहगावहून माझे वडील आले, त्यांनी काकूंना मोकळेपणानं जयभीम घातला, आणि चहा बंद झाला.

तेही चाललं असतं. चहावाचून कोणी मरत नाही. पण मी पाणी भरून वळले की काकू लोटा घेऊन येत आणि नळावर गोमूत्र शिंपडत. सून भरायची, शेजारपाजारच्या बायका भरायच्या, तेव्हा लोटा जागचा हलत नसे. एकदा मी विचारलंच.

"जातीचं काई नाई जी मॅडम," काकू म्हणाल्या. "जंतूसाठी शिंपडून राहिली मी. तुम्ही तं सायन्सच्या. गोमूत्रानं जंतू मरते ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर खोटं बोलायचं आणि वर माझ्याच विषयाची साक्ष काढायची! जंतू तर जंतू, म्हटलं, होऊन जाऊ दे.

शनिवारी काकू जामसावळीच्या मारुतीला गेल्या, तशी मी लोट्यातलं थोडं बाटलीत ओतून घेतलं. नळाच्या तोटीवरून ओला कापूस फिरवला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत आगर ओतलं. जंतूंना वाढायला घालायची ती जेली. तिच्यावर तो कापूस पुसला आणि टिपकागदाच्या टिकल्या ठेवल्या. एक फिनाईलमध्ये भिजवलेली, एक ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, एक गोमूत्रात. सोमवारी बघते तर पहिल्या दोन टिकल्यांभोवती स्वच्छ रिंगण, आणि गोमूत्राच्या टिकलीला जंतू अगदी खेटून वाढलेले.

झाकण लावलेली बशी घेऊन तडक घरी आले. काकूंनी चष्मा लावून ती नीट पाहिली. "खरंच वो," म्हणाल्या, "मले कोणी सांगतलंच नाई." मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून वळले आणि काकू फिनाईलची बाटली घेऊन आल्या. तोटी घासघासून धुतली. वर कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हीच दाखवलं मॅडम, नाई तं आम्हाले काय समजते!"

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला संताप आला. संध्याकाळी काकू हंडा भरून वळल्या, आणि मी त्यांच्यादेखत त्याच बाटलीतलं फिनाईल तोटीवर ओतून घासायला लागले.

काकूंनी हंडा खाली ठेवला. "हे काय करून राहिल्या मॅडम? आम्हाले का रोग हाये?"

मी मान वर केली नाही, घासत राहिले. दुकान बंद करून काका आले ते थेट माझ्या दाराशी. म्हणाले, खोली सोडा. घरच्या बाईचा असा अपमान आम्ही खपवून घेत नसतो.