सुताराच्या शर्टांची गोधडी

गोधडीमावशीच्या घरात शिरायचं म्हणजे आधी चपला काढायच्या आणि मग हात दाखवायचे. "स्वच्छ आहेत ना? नाहीतर तिकडे नळ आहे." गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, नाहीतर विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो, सुटका नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या खिडकीला पुठ्ठ्याची पाटी, ‘जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवून मिळतील’, आणि आत पलंगावर, खुर्चीवर, अहो, टीव्हीवरसुद्धा गोधड्या. मागच्या खोलीत मायलेकींचा संसार, तोही अंग चोरून. नवरा गेल्यावर मावशीनं या सुईवरच लेकीला लहानाचं मोठं केलं. ती लेक आता फोनवर गोधड्यांचे फोटो टाकायची, लोकांचे निरोप वाचून दाखवायची, आणि वर आईची खेचायची, "तुझ्या टाक्यांपेक्षा तुझ्या साबणाचीच तारीफ जास्त आहे बघ."

कारण मावशीचा एक नेम होता. धुतल्याशिवाय कपड्याला सुई लावायची नाही. तुम्ही लाख सांगा की कालच धुऊन इस्त्री केलाय, ती तो गरम पाण्यात भिजवणार, दोनदा धुणार आणि कडक उन्हात वाळवणार. न धुतलेला कपडा पुढे आटतो आणि अख्खी गोधडी गोळा होऊन बसते, असं तिचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. तिची गोधडी वर्षानुवर्षं वापरा, टाका हलायचा नाही. त्याचा तोरा होता तिला, आणि का नसावा?

एका दुपारी एक तरुण बाई दारात आली. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडाला गच्च गाठ मारलेली, आणि पाठीमागे लपलेली एक लहान मुलगी. मावशीनं ओळखलं. मागच्या गल्लीतल्या सुतारखान्यात एक सुतार काम करता करता छातीत कळ येऊन गेला होता. हातात रंधा होता म्हणे. एवढा धडधाकट माणूस! ही त्याची बायको.

"यांच्या शर्टांची गोधडी करायची आहे, मावशी," ती म्हणाली. "ही बाबाच्या शर्टाशिवाय झोपतच नाही. एक शर्ट घेते, त्यात तोंड खुपसते, मग कुठे डोळा लागतो. ओढून ओढून फाटायला लागलेत. संपले की मी काय करू? गोधडी झाली तर तिला पुरेल तरी."

आता सांगा, माणसानं याहून वेगळं काय सांगायचं? पण मावशीच्या कानांनी ऐकलं ते एवढंच, की शर्ट फाटायला लागलेत.

"पुरेल म्हणजे? तिच्या लेकरांना पुरेल! तू बिनघोर जा," ती म्हणाली.

बाई गेल्यावर तिनं पिशवीची गाठ कात्रीनं कापली. लाकडाचा, पॉलिशचा, घामाचा असा एक दाट वास खोलीभर पसरला. मावशीनं नाक मुरडलं आणि शर्ट थेट बादलीत बुडवले. कॉलरीतून, खिशांच्या शिवणींतून भुसा सुटून वर तरंगायला लागला. "अगं, ये इकडे, बघ तरी!" तिनं लेकीला हाक मारली. "अर्धं झाड निघालं की गं याच्या खिशातून!" दोघी हसल्या. बादली मोरीत ओतली आणि दुसरं पाणी घेतलं.

त्या गोधडीत मात्र मावशीनं जीव ओतला. खिसे उसवले नाहीत, तसेच ठेवले, पोरीला हात घालता यावा म्हणून. बटणं जागच्या जागी. रेषेत असे टाके घातले की लेकही म्हणाली, "आई, ही विकू नकोस, घरातच ठेवू." फक्त काठाला कापड कमी पडलं. लेक म्हणाली, दुसरं काहीतरी लाव. "छे! बापाच्या गोधडीत परकं कापड?" मावशी म्हणाली आणि तिनं सुताराच्या बायकोला फोन लावला.

"आणखी एखादा शर्ट असेल बघ घरात."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग, "एकच राहिलाय, मावशी. तिच्या उशाखालचा."

"अगं मग आण की तो! थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. एका शर्टाच्या बदल्यात अख्खी गोधडी मिळणार आहे तिला."

बाई तो शर्ट घेऊन आली. देताना तिनं तो लगेच सोडला नाही. मावशीनं तो जवळजवळ ओढूनच घेतला. भारी घाईत होती ना, ऊन जायच्या आत वाळायला हवा होता.

गोधडी तयार झाली तेव्हा सुताराची बायको पोरीला घेऊन आली. मावशीनं ती पलंगावर अंथरली आणि कौतुक ऐकायला बाजूला उभी राहिली. पोरगी धावत गेली, तिनं गोधडीत तोंड खुपसलं. मग दुसऱ्या टोकाला जाऊन खुपसलं. मग एका खिशात नाक घातलं. मग उठून आईकडे बघितलं.

"यात बाबा नाहीये."

"असं काय करतेस, राणी? हा बघ बाबाचा खिसा, ही बटणं..." मावशी पुढे झाली.

"धुतलेत का तुम्ही?" सुताराच्या बायकोनं हळूच विचारलं.

"मग! दोनदा! एवढा भुसा निघाला म्हणून सांगू..." आणि मावशीला पिशवीची ती गच्च गाठ आठवली.

ती बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते तर मावशीला उत्तर तरी देता आलं असतं. ती नुसती पलंगाच्या कडेवर टेकली. "चादरी, टॉवेल सगळं मीच धुऊन टाकलं होतं हो, पाहुणे येणार म्हणून," ती म्हणाली. "शर्ट तेवढे गाठ मारून ठेवले होते." गोधडी तिथेच ठेवून, पोरीचा हात धरून ती निघून गेली.

मावशीला अन्न गोड लागेना. लेक समजूत घालायला लागली, "त्यांनी स्पष्ट सांगायला नको?"

"सांगितलं होतं गं. मीच ऐकलं नाही." मग तिनं विचारलं, "तुझ्या बाबांचा वास आठवतो तुला?"

लेकीनं बराच वेळ विचार केला. "साबणाचा," ती म्हणाली.

नवरा गेला तेव्हा पाहुणे पांगायच्या आत तिनं त्याचा कपडा न् कपडा धुऊन, घड्या घालून कपाटात लावला होता. सगळे म्हणाले होते, काय धीराची बाई आहे.

पण हातावर हात ठेवून बसणारी ती नव्हे. गोधडी घेऊन ती सुतारखान्यात गेली, थोरल्या मिस्त्रीच्या हातापाया पडली. तो भला माणूस. त्यानं गोधडी गेलेल्या सुताराच्या खुंटीवर टांगली. कामगार तिला हात पुसायचे, दुपारी तिच्यावर आडवे व्हायचे, कुणी पॉलिशचा बोळा टेकवायचा. हळूहळू गोधडीला तो दाट वास लागला. मावशीनं स्वतः तोंड खुपसून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. तिनं ती पिशवीत घातली, तोंडाला गच्च गाठ मारली आणि सुताराच्या घरी नेली. वाटेत कुणी हाक मारली तरी थांबली नाही.

पोरीनं गोधडी मांडीवर घेतली आणि तोंड खुपसलं. या वेळी ती लगेच उठली नाही. तिचे डोळे मिटले. पोरीची आई भिंतीला टेकून उभी होती. पोरगी खिशांत, काठात, सगळीकडे नाक घालत राहिली. मग तिचा चेहरा पडला.

"यात सगळे काका आहेत," ती म्हणाली. "बाबाच नाही."

सुताराच्या बायकोनं गोधडी मुलीच्या मांडीवरून काढून घेतली, नीट घडी घातली आणि मावशीच्या हातात दिली.

"धुऊन द्या, मावशी. नीट, तुम्ही धुता तशी. नाहीतर ती रोज शोधत बसेल यात."

मावशी घरी आली. तिनं पाणी गरम केलं, बादली भरली आणि गोधडी आत बुडवली. खिशांतून भुसा सुटून वर तरंगायला लागला. या वेळी तिनं लेकीला हाक मारली नाही.