सपरीवरचा त्रिकोण

आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात आडनाव लिहायला बंदी होती. शीटच्या उजव्या कोपऱ्यात फक्त नाव आणि रोल नंबर. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, "इथं कुणी कुणाचं आडनाव विचारणार नाही. आडनाव गेटबाहेर ठेवून यायचं." सर पुण्याहून गोंदियाला आलेले. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण आत्ताच शहाणे झालो असं वाटावं. नवं शतक नुकतंच लागलं होतं. आमच्या गावातल्या बौद्धांच्या टोलीतून, म्हणजे वस्तीतून, कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तिथं तुले कोणीच काई म्हणत नाही?" म्हटलं, नाही. ती भाजी निवडत राहिली. तिला पटलं नव्हतं, आणि मला तिचा भयंकर राग आला.

आईचं काही चुकलं नव्हतं. आडनाव गेटबाहेर असायचं, पण ऑफिसच्या खिडकीतून बाबू "स्कॉलरशिपवाले, इकडे लाइन लावा" असं ओरडला की अख्खा व्हरांडा मान वळवून बघायचा. वसतिगृहात आम्ही स्कॉलरशिपवाल्या पोरी बरोब्बर एकाच टोकाच्या खोल्यांमध्ये आलो होतो. त्या कुणी वाटल्या, ते विचारायची सोय नव्हती. विचारलं की विचारणारीच जातीयवादी. सगळे समान आहेत हे एकदा ठरलंय ना, मग पुन्हा कशाला उकरून काढता? असा सगळा कारभार होता.

दुसऱ्या वर्षाला एखादं जुनं घर मोजून त्याचा नकाशा काढायचा असा विषय असतो. सरांनी निवडलेलं घर निघालं कामठ्याच्या पुढचं, म्हणजे आमच्याच गावचं. सगळं गाव ज्यांना मालक म्हणतं त्यांचं. कवेलूचं कौलारू छप्पर, सागाचे खांब आणि समोर लांबच लांब सपरी, म्हणजे अंगणाकडची उघडी पडवी. आई त्यांच्याकडे धानाच्या रोवणीला जायची. संध्याकाळी मजुरीसाठी बाया सपरीच्या पायरीशी बसायच्या, मी आईच्या पदराशी. सपरीतून आत जाणारं दार मी लहानपणापासून पाहत आले होते. दाराच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी बसमध्ये बाकीचे गाण्याच्या भेंड्या खेळून राहिले होते आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की आज मी त्या दारातून आत जाणार. हातात टेप घेऊन, कॉलेजची मुलगी म्हणून. सोबत सर होते, मग कोण अडवणार होतं मला?

मालकांनी सरांना नमस्कार केला, पोरांसाठी सतरंजी टाकली. आम्ही दाराकडे निघालो तर आतून मालकीणबाई आल्या. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबल्या. ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "अव, तू आपल्या टोलीतली ना? बस बाई, बस. सपरीत हवा लागते."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मी कुठल्याही देवाची नाही, आईची शपथ घेऊन सांगते. त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी सहज म्हणाले, "असं कर, तुझं अक्षर चांगलं आहे. तू इथंच बसून नोंदी घे. आतून मुलं माप सांगतील."

झालं. पहिलं माप सपरीच्या खांबापासून थेट देवघराच्या मागच्या भिंतीपर्यंत होतं. टेपचं शून्याचं टोक माझ्या हातात, आणि टेप दारातून आत सरसरत गेला. मी खांबाला टेकून बसून राहिले. आतून माझ्या गटातला शहरातला पोरगा ओरडत होता, "जल्दी लिख यार, माजघर... अब देवघर... कोनाडा लिख, पीछे की दीवार में..." मी लिहीत होते. खिडकी कुठं, चूल कुठं, धानाची कोठी कुठं, सगळं माझ्या कानातून वहीत उतरत होतं. दुपारी सगळे हात झटकत बाहेर आले, म्हणाले, आत काय मस्त थंड आहे. एकालाही वाटलं नाही की विचारावं, तू काऊन बाहेर बसून राहिली?

नकाशा मीच काढला. गटात माझाच हात चांगला होता. ट्रेसिंग पेपरवर शाईनं, एक रेघ इकडची तिकडे नाही. ज्या खोल्यांत मी पाऊल ठेवलं नव्हतं त्या मी इंचाइंचानं उभ्या केल्या. आणि शेवटी सपरीतल्या त्या खांबापाशी एक छोटा त्रिकोण काढला. मोजणीत असं करतात, मोजणारा जिथं उभा होता ती जागा त्रिकोणानं दाखवतात. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, "नोंद घेणारी इथपर्यंत."

सरांनी शीट पाहिली. खूप वेळ पाहिली. "काम उत्तम आहे," म्हणाले. मग त्रिकोणावर बोट ठेवलं. "हे काढून टाक."

"काऊन सर?"

"आपण या कॉलेजात जात आणत नाही."

"मी कुठं आणली? मी जिथं बसले होते ते दाखवलं. तुम्हीच बसवलं होतं."

सर चिडले नाहीत, तेही एक दुःखच. चिडले असते तर भांडता आलं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "हे तुझ्या भल्यासाठी सांगतोय. लोक नकाशा बघणार नाहीत, हेच बघतील." मी हात मागे बांधून उभी राहिले. मग त्यांनीच अर्धं ब्लेड उचललं. ट्रेसिंगवरची शाई पुसली जात नाही, खरवडावी लागते. त्यांनी अगदी हळुवार खरवडली, कागद फाटू न देता, आणि वरचा भुगा फुंकून टाकला. त्यांचा हात फार हलका होता, हे मला कबूल करावं लागेल.

प्रदर्शनाला पाहुणे कोण, तर मालक. आपल्या घराच्या नकाशासमोर उभे राहून खूश झाले. "देवघरातला कोनाडाबी बराबर काढला ना पोरी तू. तू कधी पाहिला?"

"नाही पाहिला," मी म्हटलं.

मालक गोंधळले. सर पटकन हसून म्हणाले, "कल्पनाशक्ती. आमच्या विद्यार्थ्यांची कल्पनाशक्ती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे मी आर्किटेक्ट झाले, नागपूरला नोकरी केली. आई थकली तेव्हा परत आले आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागले. दुसरं कॉलेज होतं कुठं आमच्याकडे? सर आता प्राचार्य झाले होते. माझा तो नकाशा व्हरांड्यात काचेच्या चौकटीत लावलेला. खरवडलेली जागा पिवळी पडली होती, पण माहीत असल्याशिवाय दिसत नव्हती. कॉलेजात समता आणि समावेशक संस्कृतीसाठी समिती निघाली, तिच्यावर मी असणार हे सांगायला नको. फोटोत मला बरोब्बर मधे उभं करत. बैठकीत मी वसतिगृहातल्या खोल्यांचा विषय काढला की तो पुढच्या बैठकीत जायचा.

मग एका वर्षी सर म्हणाले, "ते जुनं घर पुन्हा मोजून घे, आता कम्प्युटरवर नकाशा हवा. बाहेरून तपासणीला लोक येणार आहेत." मी वर्ग घेऊन गेले. मालकीणबाई वारल्या होत्या. मालक म्हातारे झाले होते, पण सपरी तशीच.

माझ्या वर्गात एक मुलगी आमच्याच टोलीतली होती. मी टेप उघडायच्या आधीच ती त्या खांबापाशी जाऊन बसली. "मॅडम, मी इथं बसून लिहितो ना. अक्षर चांगलं हाये माझं."

"तुला कुणी सांगितलं इथं बसायला?"

"कोणीच नाही. उगाच कायले कोणाले बोलायला लावायचं?"

मी मालकांकडे वळले. "ही आत येईल ना?"

मालक समजुतीनं हसले. "तुम्ही या ना मॅडम, तुमचं काय. घर तुमचंच हाये. पोरीले बसू द्या, ते लाजते."

दार उघडं होतं. आतला थंडावा पायांना लागत होता. लहानपणापासून ज्या दाराकडे बघत आले ते आज मला "या" म्हणत होतं, फक्त तिला बाहेर ठेवून. मी टेप गुंडाळला आणि पोरांना सांगितलं, "फक्त सपरी मोजा. ही जाईल तिथपर्यंतच सगळे जातील." एक जण कुरकुरला, "मॅडम, आधा घर?" म्हटलं, हो, आधा.

त्या वर्षीचा नकाशा तसाच झाला. खाली सपरी, खांब न् खांब दाखवलेली, आणि दाराच्या वर नुसता पांढरा कागद. सपरीत त्रिकोणांची रांग, वर्गातल्या प्रत्येकाचा एक. त्या मुलीनं स्वतःचा त्रिकोण खांबापाशी काढला, बरोब्बर माझ्या जागेवर. मी तिला माझी गोष्ट कधीच सांगितली नव्हती.

प्रदर्शनाच्या सकाळी मी हॉलमध्ये गेले तर ती मुलगी त्या नकाशासमोर उभी होती. नकाशा पूर्ण होता. माजघर, चूल, धानाची कोठी, देवघर, मागच्या भिंतीतला कोनाडा. त्रिकोण एकही नव्हता. आता ब्लेड लागत नाही, बटण दाबलं की झालं, कागदावर ओरखडासुद्धा उमटत नाही.

मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते शांतच होते. "अर्धवट शीट लावली असती तर तपासणीवाल्यांना काय वाटलं असतं? आतलं सगळं तुझ्याच जुन्या नकाशावरून भरून घेतलंय. परक्याचं काही नाही, तुझंच काम आहे."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. खांबाला टेकून, परक्यांच्या तोंडून ऐकून मी काढलेल्या त्या खोल्यांनीच आज या पोरीचा पांढरा कागद बुजवला होता.

मी हॉलमध्ये परत आले. पाहुणे यायला थोडाच वेळ होता, बाहेर सतरंज्या अंथरून राहिले होते. ती अजून तिथंच उभी होती. म्हणाली, "मॅडम, हे आतलं तुम्ही काढलं म्हणतात. तुम्ही गेल्या होत्या आत?"

"नाही," मी म्हटलं. "मी तिथं बसले होते." आणि नकाशातला खांब दाखवला.

ती खांबाकडे बघत राहिली. मी पर्समधून मार्कर काढून तिच्यापुढे धरला. तिनं टोपण काढलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "पुसला तर जाणार नाही ना हा त्रिकोण?"

"नाही," मी म्हटलं. "दोन काढ."