पळून गेलेला रक्तसाक्षी

माझे वडील पनवेलच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे, आणि रविवारी आमच्या छोट्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना गोष्टी सांगायचे. गोष्टी पुष्कळ होत्या. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, धर्मसुधारणेची आठवण करतात त्या दिवशी, गोष्ट ठरलेली असे. पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका तरुण रक्तसाक्ष्याची. आम्ही ख्रिस्ती लोक हुतात्म्याला रक्तसाक्षी म्हणतो. पप्पांना तो शब्द फार आवडायचा. "यात रक्त नंतर येतं," ते म्हणायचे, "आधी साक्ष."

गोष्ट अशी. उत्तरेकडच्या एका थंड देशातला, चांगल्या घरातला एक मुलगा परदेशी शिकायला गेला. तिथे सुधारकांची पुस्तकं त्याच्या हाती पडली. देवाची क्षमा विकत घ्यावी लागत नाही, ती विश्वासाने मिळते, हे त्याला पटलं. मायदेशी येऊन तो ते उघड शिकवू लागला. त्या काळी एवढं बोलणंही जिवावरचं होतं. धर्माधिकाऱ्यांनी त्याला बोलावलं, सकाळी चौकशी केली आणि त्याच दिवशी दुपारी, जिथे तो शिकवायचा त्या विद्यालयाच्या दारासमोर, खांबाला बांधून जाळलं. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. लाकडं ओली होती, आग नीट धरेना. संध्याकाळपर्यंत ते चाललं. खांबाकडे जाताना त्याने अंगातला कोट काढून आपल्या नोकराला दिला. आगीत मला याचा काय उपयोग, तुला होईल, म्हणाला.

जे बघायला जमले होते ते घरी जाऊन एकमेकांना विचारू लागले, हा पोरगा असं बोलला तरी काय होता? मग ते शोधून वाचू लागले. पुढच्या तीसेक वर्षांत त्या देशातली ख्रिस्ती मंडळी पार बदलून गेली. पप्पा गोष्ट इथे संपवायचे आणि मग आम्ही उभं राहून गीत म्हणायचो.

मी नववीत असताना त्यांचं खाकी कव्हर घातलेलं जाड इंग्रजी पुस्तक वाचायला घेतलं. त्यात मला एक पान सापडलं जे पप्पा कधीच सांगत नसत. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा तो तरुण घाबरला होता. जहाजात बसून तो देश सोडून पळाला होता. काही महिन्यांनी तो आपणहून परत आला, आणि जाळला गेला तो त्यानंतर.

"पप्पा, हा तर पळाला होता!"

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. "ते मुलांना सांगायची गरज नाही. गोष्ट त्याच्या धैर्याची आहे."

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, मी नोकरीला लागले त्या साली, त्यांच्या शाळेत सहामाहीच्या प्रश्नपत्रिका फुटल्या. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असायची. मामा उरणकडचे, मोरा बंदराजवळच्या कोळीवाड्यातले. रोज एसटीने यायचे. शाळेतली सगळी मुलं त्यांना मामा म्हणत, पप्पासुद्धा. संस्थेने चौकशी लावली, शिक्षकांना एकेक करून आत बोलावलं. पप्पांनाही विचारलं, "तुम्ही काही पाहिलंत का?" पप्पा म्हणाले, "नाही." आठवड्याभरात मामांना काढून टाकलं.

त्या ऑक्टोबरात पप्पा नेहमीप्रमाणे मुलांसमोर उभे राहिले. गोष्ट चौकशीपर्यंत आली. "धर्माधिकाऱ्यांनी त्याला विचारलं," ते म्हणाले आणि थांबले. मुलं वाट बघत राहिली. पप्पांनी पुन्हा तेच वाक्य सुरू केलं आणि पुन्हा थांबले. मग बाकावर जाऊन बसले. मंडळीच्या पाळकसाहेबांना वाटलं, चक्कर आली. त्यांनी पटकन गीत सुरू केलं.

घरी आल्यावर मम्मीने पाणी दिलं. पेला हातात धरूनच ते बोलले. "मी पाहिलं होतं. शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. संस्थेच्या एका विश्वस्तांचा पुतण्या दुसऱ्या किल्लीने कपाट उघडत होता. मी समोरच्या वर्गाच्या खिडकीत होतो."

"मग बोलला का नाहीत?" मम्मीने विचारलं.

"येत्या जूनमध्ये मी मुख्याध्यापक होणार होतो."

पप्पांनी मला विचारलं, "तू येशील माझ्याबरोबर उरणला?"

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर आम्ही निघालो. जासईच्या पुढे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती, एसटी तासभर एका जागी उभी होती. पप्पा खिडकीतून त्या डब्यांकडे बघत होते.

मामांच्या ओट्यावर मच्छी वाळत घातली होती. मामी तिथेच बसल्या होत्या. पप्पांना बघून त्या उठल्या नाहीत, या म्हणाल्या नाहीत. "धक्क्यावर हायेत," एवढंच बोलल्या.

मामा धक्क्यावर जाळं दुरुस्त करत होते. भावाच्या बोटीवर जायला लागले होते. पप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. शनिवार, खिडकी, पुतण्या, चौकशीतला प्रश्न आणि स्वतःचं उत्तर.

मामांचा हात थांबला नाही. "मला ठावं हाय, सर," ते म्हणाले. "तुमी खिडकीत व्हता, ते मी जिन्यावरनं बघितलेलं."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? साक्षीला मला बोलवायचं होतंत!"

"म्हटलं, सर आपनहून बोलतील."

पप्पा खाली बसले, तिथेच, ओल्या दगडावर. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

परत जाताना मामींनी आम्हाला घरासमोर अडवलं. त्यांना सगळं आधीच माहीत असावं. "आमची पोरगी शाळेत जायची बंद झाली," त्या म्हणाल्या. "पोरं तिला चोराची म्हनतात. तुमी आता लिवून द्याल, पन त्या पोरांची तोंडं कोन धुनार?" पप्पांनी हात जोडले. मामी आत निघून गेल्या.

सोमवारी पप्पांनी लेखी जबाब दिला. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं, समजावलं, मग दटावलं. जबाब मागे घ्या, म्हणाले. पप्पांनी घेतला नाही. मुख्याध्यापकपद दुसऱ्याच एका शिक्षकांकडे गेलं, आणि पप्पांकडचे दहावीचे वर्ग काढून त्यांना पाचवीला टाकलं. निवृत्तीपर्यंत ते पाचवीलाच शिकवत राहिले. पुतण्याला कुणी काही केलं नाही. मामांना मात्र वर्षभराने पत्र आलं, की त्यांच्यावरचा आरोप खोटा होता आणि त्यांनी कामावर यावं. मामा गेले नाहीत. "आता दर्याच बरा," म्हणाले. पत्र तेवढं लॅमिनेट करून त्यांनी दारासमोरच्या भिंतीवर लावलं, येणाऱ्याला पहिलं तेच दिसेल असं. मुलगी शाळेत परत गेली, पण दुसऱ्या शाळेत, आणि एक वर्ष मागे.

पुढच्या ऑक्टोबरात पप्पांनी गोष्ट वेगळी सांगितली. "हा माणूस आधी पळाला होता," त्यांनी सुरुवातच तिथून केली. "हे मी इतकी वर्षं तुमच्यापासून लपवलं. तो तुमच्याआमच्यासारखा घाबरला. परदेशात सुरक्षित होता, तिथेच राहिला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तो परत आला."

उपासनेनंतर मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका जुन्या पंचांनी त्यांना बाजूला घेतलं. "मास्तर, रक्तसाक्ष्याला पळपुटा कशाला म्हणायचं मुलांसमोर?"

"मुलंही कधीतरी पळतील, साहेब," पप्पा म्हणाले. "परत येता येतं, हे त्यांना ठाऊक असू दे."

दोन वर्षांपूर्वी पप्पा गेले. मामांना कुणी कळवलं ते मला ठाऊक नाही. दफनाच्या वेळी ते गर्दीच्या मागे, चपला काढून उभे होते. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसारखीच मूठभर माती त्यांनी टाकली. लोक पांगले तरी ते कबर पुरती भरेपर्यंत थांबले. पाळकसाहेबांनी विचारलं, आपण कोण? "शालेत बरोबर व्हतो," मामा म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "उद्या घरात चूल पेटली पायजे. मच्छी घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा मामी बरोबर होत्या. इतक्या वर्षांत त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. दारात क्षणभर थांबल्या, मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मम्मीकडे विळी मागितली. मम्मी म्हणाली, राहू दे, मी करते. मामी म्हणाल्या, तुमी बसा. त्या पापलेटं साफ करत होत्या आणि मम्मी शेजारी पाटावर बसून होती. शेवटचं पापलेट विळीवर आलं तेव्हा मम्मीने त्यांच्या मुलीची चौकशी केली. मामींनी हात धुतले, पदराला पुसले आणि मोबाइलमध्ये नातवाचा फोटो काढून तिच्यासमोर धरला.