पुलावर चालायचं नाही

…तर काल सांगत होतो ना, माझी मेहुणी पुलाच्या उंच खांबाकडे बोट दाखवून कडाडली, "भाऊजी, एवढ्या तारा आभाळाला ताणल्या, आणि माणसाला चालायला वीतभर पट्टी ठेवली नाही!" हातात डबा, नाकाचा शेंडा लालबुंद.

ही मेहुणी शिंपीण. जीभ अशी चालते, की घरात तिचं नावच कात्री पडलं. नदीच्या अलीकडे तिचं दुकान, पलीकडे आमचं घर. आमची ही अंथरुणाला खिळली तेव्हापासून कात्री रोज दुपारी मशीन झाकून होडीनं यायची, ताईची वेणी घालायची, चार घास भरवायची. माझ्या हातून ही तोंडच उघडत नाही. म्हणते, "तुम्ही घास भरवत नाही, पोतं भरता." खरंच आहे ते.

मग हा तारांचा पूल झाला. बघायला लोक लांबून येतात, बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा त्याचंच चित्र. पूल झाला म्हणून होडी बंद, आणि पुलावर फक्त गाड्या! बस आहे, पण ती थेट बाजारात जाऊन थांबते. आमच्या काठाला उतरायचं तर खिडकीतून उडी मारा. समोर घर दिसतंय आणि जाता येत नाही, याला म्हणे सोय. डोंबल!

त्या दिवशी मी बाजारातून बसचा लांबचा फेरा मारून कात्रीला आणायला गेलो. ती म्हणाली, "चला, पुलावरूनच चालत जाऊ. बघते कोण अडवतो."

अडवलं पहारेकऱ्यानं. त्याच्या खिशावर पुलाचं चित्र, आणि तो शर्ट शिवलेला कात्रीनंच.

"मावशी, चालत जायला बंदी आहे."

"बंदी? मग काढ तो शर्ट! पोट सुटलं म्हणून उसवून वाढवून कुणी दिला रे? तेव्हा बरा गोड बोलत होतास!"

तो बिचारा पोट आत ओढून उभा. मला हसू आवरेना, पण कात्रीच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं होतं. पलीकडे ताई उपाशी. कात्रीनं तिथंच, कठड्यापाशी फतकल मारली. फोटो काढणारे खोळंबले. तेवढ्यात पुलाचे साहेब पाहुण्यांना घेऊन हजर.

"बाई, ही आपल्या शहराची शान आहे. असं मध्ये बसू नका. चला, माझ्या गाडीतून सोडतो पलीकडे."

मी हळूच म्हटलं, "चल गं, आज तरी जेवेल ती."

कात्रीनं डबा माझ्या हातात कोंबला. "तुम्ही बसा गाडीत. आज ताईला सांगा, माझी शपथ आहे, भाऊजींच्या हातून खा." मग साहेबांकडे वळली.

"साहेब, आज तुम्ही सोडाल. उद्या कोण सोडणार? माझ्या बहिणीला भूक रोज लागते. मला तुमची गाडी नको, चालायला वाट द्या. ती मिळेपर्यंत मी इथून हलत नाही. काढा किती फोटो काढायचेत ते!"