शेवटी उरलेला वाटा

ईशाचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपच्या दारात एका ट्रेलरवाल्याशी हुज्जत घालत होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती बोलली. तिची आई म्हणजे अनघाताई, नगररचनाकार, आणि मला सख्ख्या बहिणीसारख्या. आजारी होत्या हे ठाऊक होतं. तरी मनात पहिलं आलं ते हेच, की शक्यच नाही! दोन मिनिटं एका जागी न बसणारी बाई अशी निजून राहीलच कशी? काही आठवडे उलटले, पण माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव मोशी ओलांडून चाकणकडे जाताना लागतं. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माझं वर्कशॉप तळवड्यात भाड्याच्या शेडमध्ये होतं. आजूबाजूला इमारती उठत होत्या आणि मालकाला शेड पाडायची घाई झाली होती. मशीन स्वतःच्या जागेत हलवता आली तर धंदा टिकणार, नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी कंपनीत शिफ्ट करायची. अशात गावात नगररचना योजना आली. सगळ्यांनी जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रुंद रस्ते काढायचे, पुढे दुकानं आणि वर उंच घरं, मागच्या अंगाला कारखाने, आणि ज्याचा त्याला आखीव प्लॉट परत. अनघाताईंनी देवळाच्या सभामंडपात रंगीत नकाशा पसरला आणि माझे वडील, आण्णा, ताडकन उठले. "माझ्या वावरातनं रस्ता? न्हाई जमायचं!" गावात सगळ्यात जास्त जमीन आमची. आण्णा नाही म्हणाले की गाव नाही म्हणणार, आणि मग सगळं शिवार गुंठ्यागुंठ्याने विकलं जाऊन अग्निशमनाची गाडीसुद्धा शिरणार नाही अशा बोळांनी भरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

ताईंनी वाद घातलाच नाही. नकाशावरून उठल्या आणि आण्णांसमोर मांडी घालून बसल्या.

"आण्णा, तुमच्याकडे भावाभावांत वाटणी कशी करतात हो?"

"थोरला वाटे पाडतो, धाकटा आधी उचलतो. त्यात काय इचारायचं?"

"मग गावातलं थोरलं घर तुमचं. रस्ते मी आखते, वाटे तुम्ही पाडा! कायद्यात कसं बसवायचं ते माझ्याकडे लागलं."

सगळ्या गावासमोर असा मान मिळाल्यावर आण्णा कसले मागे हटतात! कापणी झालेल्या रानात चुन्याची फक्की टाकून रेघा आखायचं काम सुरू झालं आणि गावाला जणू जत्रेचं वेड लागलं. ताई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून ढेकळांतून पळत होत्या, आण्णा त्यांच्या मागून ओरडत होते, "म्याडम, हितं गाडी वळायची न्हाई!" आणि ताई, "मग तुम्ही सांगा कुठे वळेल!" एकेक रेघ तीन तीनदा पुसली गेली. आणि हे सगळं होईपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही, की जो वाटे पाडतो तो शेवटी उचलतो.

माझ्या ध्यानात आलं तेव्हा पुढच्या रस्त्याकडेचे मोक्याचे प्लॉट भराभर उचलले जात होते. मी आण्णांना गाठलं. "वाटे मी पाडल्यात, मी आधी कसा उचलू रं?" म्हणाले. आमच्या वाट्याला आला मागच्या रस्त्याचा प्लॉट. मी तडक अनघाताईंकडे गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्या हसत होत्या! "दत्ताभाऊ, आधी मशीन तर आणा," म्हणाल्या. अशा वेळी कुणी हसतं का? आजही मी तेवढंच भांडेन.

मशीन आली. पहिला ट्रेलर आला त्या दिवशी ताई मुद्दाम येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या रस्त्याच्या वळणावर तो अडकून पडला असता. आमच्या दारात एका दमात वळला, रिव्हर्ससुद्धा घ्यावा लागला नाही. ताईंनी टाळ्या पिटल्या. "बघितलंत? वळण मी रुंद ठेवलं!" "ठेवलं मी," आण्णा गुरगुरले, "फक्की माझ्या हातात हुती." झालं! पुढे कितीतरी वर्षं, निगडीला ताईंच्या बैठकीत असो की आमच्या ओसरीवर, चहाबरोबर हा वाद ठरलेला. दोघांपैकी एकही कधी हटलं नाही.

परवा आण्णांना निगडीला घेऊन गेलो. बैठकीत ताईंचा फोटो होता. आण्णा समोर बसले आणि ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने म्हणाले, "म्याडम, वळण तुमीच रुंद केलं. मान्य हाय."

ईशा पाणी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. रडता रडता हसली. "आजोबा, आई आम्हाला नेहमी सांगायची, ते वळण आण्णांचंच. फक्त त्यांच्यासमोर बोलू नका म्हणायची, भांडायला यायचे बंद होतील."

आण्णांनी मांडीवर थाप मारली. "बघ! मी म्हनत हुतो का न्हाई!" माझ्याकडे वळून ते ओरडले, आणि टॉवेल तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागले.